धंदा उंबऱ्याबाहेर ठेवून आत या : नाशिकच्या व्यापारी-उद्योजक नगरसेवकांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक महानगरपालिकेवर निवडून गेलेले सर्व व्यापारी, उद्योजक आणि बांधकाम व्यावसायिक,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच आहे. अंबड औद्योगिक वसाहतीत माझं छोटं युनिट आहे. दोन सीएनसी, तीन जुने लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि माझ्यासकट बारा माणसं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांसाठी आम्ही पिना, बुश आणि स्टड टर्न करून देतो. नव्वद दिवस अडकलेल्या बिलासाठी कुठल्या आवाजात फोन करायचा, आयटीआयतून आलेल्या पोराच्या हातात मशीन कधी द्यायचं, हे मला तुमच्याइतकंच कळतं. म्हणून आपल्यातला कुणी निवडून आला की मला मनापासून आनंद व्हायचा. पगाराच्या तारखेला बायकोचे दागिने गहाण ठेवलेला माणूस महापालिकेचा पैसाही जपून वापरेल, असं वाटायचं. अजून वाटतं. ते वाटणं पुरतं मरायच्या आत हे पत्र लिहितोय.

मध्यंतरी आपल्या एका संघटनेनं तुमच्यापैकी काहींचा सत्कार ठेवला होता. हॉल भरला होता. शाल, श्रीफळ, फोटो सगळं रीतसर झालं. मग एक ज्येष्ठ उद्योजक बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "इतकी वर्षं आपण बाहेरच्या बाकावर बसून साहेबांची वाट बघितली. आता आपला माणूस आत बसलाय. आता आपल्याला रांगेत उभं राहायचं कारण नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात माझ्याही टाळ्या होत्या. त्यानंतर अकरा मागण्यांचं निवेदन वाचून दाखवलं गेलं आणि व्यासपीठावरच्या तुम्ही सगळ्यांनी ते हसत स्वीकारलंत.

रात्री घरी आलो, गाडी लावायला वाकलो आणि पायाखालचा पेव्हर ब्लॉक डुगडुगला.

या ब्लॉकची गोष्ट सांगायलाच हवी. मी जेलरोडला राहतो. आमच्या गल्लीत ब्लॉक बसवण्याचं काम झालं तेव्हा कोपऱ्यावर फलक लागला होता आणि त्यावर जाडी ८० मिलिमीटर लिहिली होती. ते योग्यच होतं. आमच्या गल्लीत स्कूलबस येते, घंटागाडी येते, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात. माणसं आणि दुचाक्यांपुरत्या वाटेला ६० मिलिमीटरचा ब्लॉक चालतो, जड गाड्या येणार असतील तर ८० चा लागतो. हे कुणीही सिव्हिलवाला सांगेल. पहिल्याच पावसाळ्यात टँकरचं मागचं चाक रुतलं, चार-पाच ब्लॉक उखडले. त्यातला एक मी उचलून कारखान्यात नेला, धुतला, वाळवला आणि जाडी मोजायला व्हर्निअर लावला. ५८.६ मिलिमीटर. दुसऱ्या कडेला ५९.२. मधोमध ५८.९. मशीन लावून देणाऱ्या माझ्या सेटरनं ते आकडे चालानाच्या मागे लिहून ठेवले. तो एवढंच म्हणाला, "साहेब, आपला एखादा बुश असा वीस मिलिमीटर कमी निघाला असता तर कंपनीनं गेटच्या आत घेतलं असतं का?"

मी तक्रार दिली, पोच घेतली. तीन महिन्यांनी काम मानकांनुसार पूर्ण झाल्याचं उत्तर आलं. कागदावर ठेकेदार एक होता, जागेवर काम करणारे मजूर दुसऱ्याच फर्मचं नाव सांगत होते. ती फर्म तुमच्यातल्याच एकाच्या मेहुण्याची. काम झालं तेव्हा महापालिकेत प्रशासक होते आणि तुमच्यातले ते गृहस्थ फक्त 'माजी' नगरसेवक होते, पण आपल्याकडे 'माजी'चंही वजन पडतं. परवाच्या सत्काराला त्यांच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. माणसाचं, ठेकेदाराचं, कचेरीचं, कुणाचंच नाव मी इथे लिहीत नाही. एकाला पकडून बाकीच्यांना मोकळं सोडायची माझी इच्छा नाही.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. काही वर्षांपूर्वी एका लोकप्रतिनिधीच्या मुलाच्या फर्मकडून मला पथदिव्यांच्या ब्रॅकेटचं काम आलं होतं. हजारभर नग होते. मूळ वर्कऑर्डर कुणाच्या नावावर आहे हे मी विचारलं नाही. त्या महिन्यात बँकेचा हप्ता थकला होता, काम घेतलं, माल दिला, पैसे वेळेवर आले. सरकारी कामाचे पैसे इतक्या वेळेवर येतात तेव्हा दुसऱ्या कुणाचे तरी अडलेले असतात, एवढं मला तेव्हाही कळत होतं. ते न विचारणं मला आज टोचतं. हे आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहतं.

आता थोडं दूर, देवळालीला येतो.

लहानपणी शाळेचा गणवेश घ्यायला वडील मला देवळाली कॅम्पला लॅम रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात न्यायचे. दुकानाचे मालक फाळणीत कराचीहून आलेले सिंधी गृहस्थ. आम्ही त्यांना काका म्हणायचो. गादीच्या वरच्या बाजूला झुलेलाल, गुरू नानक आणि त्यांच्या शेजारी वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेला एका पारशी माणसाचा फोटो. मला वाटायचं हे त्यांचे कुणी शेठ असतील. एकदा विचारलं तर काका गज खाली ठेवून म्हणाले, "ये हमारा मेयर था." ज्या शहरातून त्यांना एका पेटीनिशी निघावं लागलं, त्या शहराच्या महापौराचा फोटो हा माणूस तीस-पस्तीस वर्षांनंतरही देवांच्या रांगेत लावून बसला होता. कापड फाडता फाडता ते सांगायचे, आमचे रस्ते रोज पाण्यानं धुतले जायचे, आणि मेयरसाहेब सकाळी गल्लीत दिसले तर कुणाला नवल वाटायचं नाही.

तो फोटो जमशेद नसरवानजी मेहता यांचा. जन्म १८८६ चा, कराचीतला. घरची भरभराटीला आलेली व्यापारी पेढी, म्हणजे आपल्या भाषेत बसल्या गादीचा वारस. सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य मानणाऱ्या थिऑसॉफी या विचारपंथाकडे ओढा, ॲनी बेझंट यांचा प्रभाव. १९१८ साली ते कराचीच्या नगरपालिकेत गेले. १९२२ ला अध्यक्ष झाले आणि सलग अकरा वर्षं राहिले. १९३३ साली नवा कायदा येऊन कराचीला महापौरपद मिळालं तेव्हा पहिला महापौर होण्याचा मान त्यांच्याकडेच आला. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, १९३६ साली वेगळा झाला. म्हणजे हा माणूस आपल्याच इलाख्याचा. नाशिक आणि कराची तेव्हा एकाच मुंबई सरकारच्या हाताखाली होती.

१९३१ च्या सुमारास कराची जेमतेम अडीच लाखांचं शहर होतं. जमशेदजींच्या काळात तिथे रस्ते रुंद झाले, पाण्याची सोय वाढली, गरिबांच्या घरांचा आणि दवाखान्यांचा विचार सुरू झाला. बंदर रोडवर जोधपूरच्या लाल दगडातली महापालिकेची देखणी इमारत १९३२ साली उभी राहिली. ती अजून आहे. लोक त्यांना आधुनिक कराचीचा शिल्पकार म्हणतात. फाळणी झाली, ओळखीचं अर्धं शहर बोटीत बसून निघून गेलं, तरी ते कराचीतच राहिले आणि १९५२ साली तिथेच गेले. पाकिस्ताननं १९८८ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. गादी सोडून निघालेला सिंधी हिंदू आणि मागे राहिलेलं मुस्लिम शहर, दोघांनाही एकच पारशी व्यापारी आपला वाटावा, हे मला फार मोठं वाटतं.

त्यांची एक आठवण सिंधमध्ये पुष्कळांनी सांगितलेली आहे. बंदर रोडवरून मोटारीतून जाताना त्यांना एक जखमी गाढव दिसलं. ते मोटारीतून उतरले, गाढवाला धरून स्वतः पायी जनावरांच्या दवाखान्यापर्यंत गेले, आणि मोटार मागून हळूहळू येत राहिली. काकांनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हा मी सातवी-आठवीत होतो आणि गाढवापाशीच अडकलो होतो. आता पन्नाशी उलटल्यावर मला ती मागून येणारी मोटार दिसते. माणूस श्रीमंत होता, मोटार त्याचीच होती, आणि शहराच्या कामाच्या वेळी ती त्यानं मागे ठेवली.

दुसरं नाव माझ्या धंद्यातलं आहे म्हणून घेतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे जोसेफ चेंबरलेन स्क्रू बनवायचे. खरोखरचे, लाकडात घुसणारे स्क्रू. १८५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते नातलगांच्या स्क्रूच्या कारखान्यात आले आणि तो धंदा त्यांनी देशातला सगळ्यात मोठा केला. १८७३ साली महापौर झाले. पुढच्याच वर्षी कारखान्यातला आपला वाटा विकून ते धंद्यातून पूर्ण बाहेर पडले. मग शहरातल्या दोन खासगी गॅस कंपन्या महापालिकेनं विकत घेतल्या, पाठोपाठ पाण्याची कंपनीही घेतली. गॅसचा नफा भागधारकांकडे जायचा तो शहराच्या तिजोरीत यायला लागला. चेंबरलेन यांचं सगळंच काही गोड नव्हतं. झोपड्या पाडून त्यांनी मोठा बाजाररस्ता काढला आणि हटवलेल्या गरिबांना पुरेशी घरं मिळाली नाहीत. पुढे तर ते साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते झाले, वसाहतमंत्री झाले, त्याचं कौतुक मला नाही. पण आधी आपला गल्ला बंद केला आणि मग शहराचा उघडला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे खुर्ची मिळाली की गल्ल्याला दुसरं दार फुटतं.

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा, ते कायदे वेगळे. आमच्या महापौरांना अडीच वर्षं मिळतात, पद आरक्षणाच्या सोडतीनं ठरतं, सह्यांचे आणि अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. हे सगळं खरं आहे. नाशिकची महापालिका १९८२ साली झाली आणि पहिली निवडणूक १९९२ साली. म्हणजे पहिली दहा वर्षं प्रशासकाचीच गेली. त्यानंतर शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि मतदान उजाडलं ते १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं, २०११ च्या जनगणनेतच पंधरा लाखांच्या घरात असलेल्या या शहराला निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे, हे लोकांना माहीत नव्हतं. एवढ्या उपासानंतर तुम्ही आला आहात. म्हणून आमच्या अपेक्षा जास्त आहेत, आणि म्हणूनच त्या सत्कारातलं वाक्य इतकं लागलं.

माझं म्हणणं सरळ मांडतो.

पहिली गोष्ट घरच्या फर्मची. ज्याचा स्वतःचा किंवा भागीदाराचा महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध आहे तो नगरसेवक राहू शकत नाही, असं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम १० सांगतं. १९४९ सालचा कायदा आहे हा, तेव्हाच्या लोकांनाही माणसाचा स्वभाव ठाऊक होता. त्यावर आपण शोधलेली पळवाट म्हणजे मेहुणा. मेहुणा, साडू, पुतण्या, ड्रायव्हरच्या नावावरची फर्म, मुनिमाच्या नावावरचं खातं. कागद स्वच्छ. कोर्टात टिकेल असं सगळं. पण आमच्या गल्लीतल्या सातवीतल्या पोराला विचारलंत, हा रस्ता कुणी केला, तर तो तुमचं नाव सांगतो. फलकावरच्या ठेकेदाराचं नाही.

दुसरी गोष्ट, परवाचं ते निवेदन. मी ते नीट वाचलं. अकराच्या अकरा मागण्या आपल्या होत्या. वाढीव घरपट्टी कमी करा, बांधकामाच्या परवानग्या लवकर द्या, अडकलेली बिलं काढा, अमुक रस्ता आधी करा. यातल्या बऱ्याच रास्त आहेत, मला नाकारायच्या नाहीत. पण माझ्याकडे तपासणीला एक बाई आहे. दुसऱ्या पाळीला तिचं काम रात्री साडेअकराला सुटतं. ती सिडकोतल्या घरी कशी जाते? सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, आणि तो रजेवर असला की मी सोडायला जातो. अंबड-सातपूरला पाळी सुटायच्या वेळी बस हवी, वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, अंधाऱ्या वळणावर दिवा हवा. महापालिकेची स्वतःची सिटीलिंक बससेवा २०२१ पासून आहे, तेव्हा हे मागायची जागाही तुमचीच आहे. आपल्या कारखान्यांमध्ये हजारो माणसं राबतात आणि अकरा मागण्यांत त्यांची एकही नसावी? निवेदन लिहिणाऱ्यांना ते सुचलं नाही. स्वीकारणाऱ्यांनाही सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं, टाळ्या वाजवताना.

तिसरी गोष्ट रांगेची. 'आता आपल्याला रांगेत उभं राहायला नको' म्हणजे काय? रांग तर तशीच राहणार. आपण पुढे गेलो की मागे कुणीतरी ढकललं जाणार. तो रविवार कारंज्यापाशी भाजी विकणारा असेल, किंवा पंचवटीतली जन्मदाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेली आजी असेल. उद्योगाला परवानगी लवकर मिळायला हवी असेल तर ती पद्धत सुधारून मिळू द्या, म्हणजे माझ्यासारख्या ओळख नसलेल्यालाही मिळेल. ओळखीनं लवकर मिळालेली परवानगी उद्या ओळख गेली की अडते, हे आपण धंद्यात रोज भोगतो.

चौथी आणि सगळ्यात मोठी गोष्ट सिंहस्थ कुंभमेळ्याची. २०२७ दारात आहे. घाट, रस्ते, पूल, मलनिस्सारण, साधुग्राम, बारा वर्षांतून एकदा येणारा पैसा या शहरात येतोय. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तोडली जाणार असलेली तपोवनातली झाडं वाचवायला नाशिककर घराबाहेर पडले ते तुम्ही पाहिलं आहे. त्यात म्हातारी माणसं होती, शाळेतली मुलं होती. आपलं शहर कुणी आपल्याला न विचारता मोजून वाटून घेतंय, ही भीती त्यामागे होती असं मला वाटतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा धंदाच खडी, सिमेंट, डंपर, मंडप, विजेची कामं असा आहे. त्यात गैर काही नाही. पण त्याच हातानं त्या कामांना मंजुरी द्यायची म्हणाल तर गोदावरीत कितीही डुबक्या मारल्या तरी तो हात स्वच्छ निघणार नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत आणि कुठल्याही नव्या कायद्याची वाट बघायला लावणाऱ्या नाहीत.

पुढच्या महासभेच्या आत तुमच्यापैकी प्रत्येकानं आपल्या धंद्याची यादी जाहीर करावी. तुमच्या फर्म, भागीदाऱ्या, बायकोच्या, मुलांच्या, भावांच्या आणि हो, मेहुण्यांच्याही फर्म. निवडणुकीच्या शपथपत्रात मालमत्ता लिहिली, ती वेगळी. इथे लोकांना कळायला हवं की कुठला विषय आला की तुमचं मन दोन ठिकाणी असणार. ही यादी विभागीय कार्यालयाच्या फलकावर आणि तुमच्या संपर्क कार्यालयाच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा.

ज्या विषयाशी यातली एखादी फर्म जोडलेली असेल, तो सभागृहात किंवा स्थायी समितीत निघाला की उठून बाहेर जा, आणि बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या. स्थायी समितीत सोळा जण असतात, एकानं उठलं तर काम अडत नाही. हा नियम सगळ्यांनी पाळला तर कुणाला कमीपणाही वाटणार नाही.

जे स्थायी समितीवर जातील, त्यांच्या घरच्या कुठल्याही फर्मनं सिंहस्थाचं काम घेऊ नये. थेट नाही, सब-कॉन्ट्रॅक्टनं नाही, माल पुरवून नाही, डंपर भाड्यानं देऊन नाही. यात तुमचं नुकसान आहे, मला कळतं. चेंबरलेननी कारखान्यातला वाटा विकला होता. मी फक्त एका कुंभाचं काम सोडायला सांगतोय.

प्रत्येक कामाच्या जागी फलक हवा आणि त्यावर मोजता येईल अशी माहिती हवी. जाडी, खोली, लांबी, पाइपचा व्यास, प्रत्यक्ष काम करणाऱ्या फर्मचं नाव, आणि किती वर्षांच्या आत बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं ते. काम संपल्यावर गल्लीतल्या दोन रहिवाशांसमोर मोजणी करून त्यांची सही घ्या, मगच शेवटचं बिल. माझ्या कारखान्यातून पिनांची एक पेटी निघते तेव्हा तिच्यासोबत तपासणीचा कागद जातो. त्यात मोजलेले आकडे आणि मोजणाऱ्याची सही असते. पन्नास रुपयांच्या पिनेला जे लागतं ते पन्नास लाखांच्या रस्त्याला का नको?

क्षेत्रसभा, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांची सभा, घ्या. कायद्यात तिची तरतूद वर्षानुवर्षं पडून आहे. मांडव नको, सत्कार नको, माइक असला तर उत्तम. चार खुर्च्या, प्रभागाचा नकाशा, आणि या वर्षी आपल्या भागात किती पैसा येणार त्याचा कागद.

आपल्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती. ते निवेदन परत घ्या. त्यात पाळीच्या बसची, स्वच्छतागृहाची आणि दिव्यांची मागणी घाला आणि 'आपला माणूस' हे शब्द काढा. संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी हे तोंडानंही बोलणार आहे. तिथे मला कुणी बोलू दिलं नाही तर हरकत नाही, पण वर्गणी भरतो म्हणून ऐकून तरी घ्याल ही आशा आहे.

तुमच्यातल्या काहींना मी लहानपणापासून ओळखतो. एकाच वर्गात होतो, एकाच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय. एकानं मला पहिला लेथ घेताना जामीन दिला होता, ते मी विसरलेलो नाही. हे पत्र वाचून त्यांना वाईट वाटेल. बाहेरच्या कुणी लिहिलं असतं तर तुम्ही विरोधकांचं म्हणून बाजूला ठेवलं असतं, म्हणून मी लिहिलं. माझा कुठल्या पक्षाशी संबंध नाही, मला तिकीट नको होतं आणि पुढेही नको.

आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांपैकी एकानं परवा फोन केला होता. ब्लॉकचं काय ते बघू म्हणाले, एवढ्यासाठी पत्रबित्र नको. त्यांचे आभार, पण माझ्या गल्लीपुरते ब्लॉक बदलून घेणं म्हणजे पुन्हा तेच, रांग मोडून पुढे जाणं. गल्ली सगळ्यांच्या यादीत जेव्हा येईल तेव्हा येऊ दे. तोवर आम्ही वाळू घालून चालवतो.

तो उखडलेला ब्लॉक अंबडला माझ्या टेबलावर आहे, चालानाच्या मागे लिहिलेल्या आकड्यांसकट. रविवार सोडून रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी तिथे असतो. तुमच्यापैकी कुणीही या. व्हर्निअर माझ्याकडे आहे, तुम्ही स्वतः लावून बघा.

आपला,
एक लघुउद्योजक
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक
(राहणार जेलरोड, नाशिकरोड)